अर्ध्या गाण्याचे चार मजले

कुणाचं गाणं जिवापाड आवडलं तर खुशाल आवडू द्यावं, पण गाणाऱ्याला घरी बोलावू नये, एवढी साधी गोष्ट कळायला चष्मेवाल्यांना वयाची चोपन्न वर्षं लागली. तीही कळली ती गाणारा आणि वाजवणारे असे चौघेही येऊन बसल्यावर.

चष्मेवाल्यांचं दुकान म्हणजे एक काउंटर, एक आरसा आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत गेलेली अक्षरं. नंबर वाढलेला नाही हे सिद्ध करायला गिऱ्हाईक शेवटची ओळ पाठ करून येतं, आणि अशांना पकडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यामुळे आपल्याला माणसं बरोबर ओळखता येतात, असा त्यांचा समज होता. या समजाला धक्का लागलेला नव्हता, कारण त्यावर बायकोचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी एक सडपातळ म्हातारा चष्म्याची ढिली काडी घट्ट करून घ्यायला आला. स्क्रू पिळून होईपर्यंत तो मुकाट्याने डाव्या हाताची बोटं काउंटरवर चालवत उभा होता. चष्मेवाल्यांनी ती बोटं पाहिली आणि त्यांच्या हातातून स्क्रू पडला. अडतीस वर्षांपूर्वी पाचव्या रांगेत बसून त्यांनी ही बोटं दीड तास पाहिली होती. हा बेसवाला होता. त्यांच्या बँडचा, जाड तारांची गिटार वाजवणारा बेसवाला!

‘त्यांच्या’ बँडचा असं म्हटलं तरी बँडला त्यांचा पत्ता नव्हता. गायक, गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला असे ते चौघे होते. त्यांच्या तीन तबकड्या चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या ताईने मिळून इतक्या वाजवल्या की तिसरीच्या एका बाजूला शेवटी नुसती खरखर उरली, आणि ती खरखरही दोघं मन लावून ऐकत. ताई तेव्हा नर्सिंग शिकत होती. चौघांच्या कार्यक्रमासाठी तिने आपली सायकल विकून दोन तिकिटं काढली आणि पुढचे आठ महिने ती ड्यूटीवर पायी गेली. त्या कार्यक्रमात चौघांनी शेवटी एक नवंकोरं, लांबलचक गाणं काढलं. गाण्याच्या ऐन मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबली. चार ठोक्यांनंतर ती एकदम सुरू व्हायची होती म्हणे. पण तेवढ्या शांततेत गायक गिटारवाल्याला काहीतरी बोलला. गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली, ड्रमवाल्याने काठ्या प्रेक्षकांत भिरकावल्या आणि बेसवाला कोट खांद्यावर टाकून घरी गेला. बँड त्या दिवशी संपला. गाण्याचा उरलेला अर्धा भाग त्या चौघांखेरीज जगात कुणीही ऐकला नाही.

आणि आता ताई चालली होती. लेकीकडे, फार लांब, कायमची. बत्तीस वर्षं इस्पितळात काम करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली ताई चष्मेवाल्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची, आणि चोपन्न वर्षांच्या भावाला सगळ्यांसमोर ‘छोटू’ म्हणायची. एकोणीस दिवसांनी येणाऱ्या रविवारी दुपारी एकची टॅक्सी ठरली होती. ताईला उरलेलं अर्धं गाणं ऐकवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा निश्चय चष्मेवाल्यांनी स्क्रू शोधायला काउंटरखाली वाकलेले असतानाच केला.

“बाकीचे तिघे येत असतील तर माझी ना नाही,” बेसवाला म्हणाला. मग बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “ते येणार नाहीत.”

पण तिघांनीही चटकन होकार दिला. गायक आता मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना श्वास कसा घ्यावा हे शिकवत होता आणि स्वतःविषयी बोलताना परक्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत होता. “गायकाचं मन मोठं आहे,” तो म्हणाला. “गायक येईल. त्या तारा ओढणाऱ्याला मात्र विचारा.” तारा ओढणारा, म्हणजे गिटारवाला, विजेच्या सामानाचं दुकान चालवत होता आणि प्रत्येक गोष्ट लेखी, दोन प्रतींत मागत होता. त्याने दोन्ही प्रतींवर ‘संमती आहे’ असं लिहून सही केली. ड्रमवाला तर फोनवरच हो म्हणाला, आणि ओघाओघात बाकीच्या तिघांची अशी काही गुपितं सांगून गेला की चष्मेवाल्यांना रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला.

चार होकार खिशात घालून चष्मेवाले तरंगत घरी आले. बायकोने शांतपणे विचारलं, “होकार देताना ते खूश दिसले का?”

“खूश असं नाही. जरा विजयी दिसले.”

“मग ते होकार नव्हेत, अहो. दुसरा नाही म्हणणार, याची प्रत्येकाला खात्री आहे. कार्यक्रम मोडल्याचं खापर त्याच्यावर फोडायचंय.”

बायकोचं म्हणणं लगेच पटवून घेणं चष्मेवाल्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ‘सगळे तयार आहेत’ हे कळवायला त्यांनी फोन फिरवले, तेव्हा चारही ठिकाणी पलीकडे आधी शांतता पसरली आणि मग अटी सुरू झाल्या. गायक गिटारवाल्याच्या उजवीकडे उभा राहणार नव्हता. गिटारवाला गायकाच्या डावीकडे उभा राहणार नव्हता. इथवर दोघांचं एकमत आहे हे चष्मेवाल्यांच्या उशिरा लक्षात आलं. बेसवाल्याला ड्रमवाला दिसायला नको होता, आणि ड्रमवाल्याला कुणीही चालत होतं, फक्त त्या तिघांपैकी नको. गिटारवाल्याचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आलं. ‘विषय: उभे राहण्याच्या जागेबाबत. संदर्भ: आपला कालचा दूरध्वनी.’ ‘प्रति’च्या जागी चष्मेवाल्यांचा उल्लेख ‘व्यवस्थापक’ असा होता. अडतीस वर्षं ज्यांच्यावर जीव टाकला, त्यांच्या लेखी आपण व्यवस्थापक आहोत, हे त्यांना जरा लागलं. तरी पत्र त्यांनी जपून ठेवलं, कारण खाली गिटारवाल्याची सही होती.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला, “चौघांना एकदा बोलावण्याऐवजी एकेकाला चार वेळा बोलवा.” तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी खिडकीतून खाली डोकावून विचारलं, “गाणं ऐकायचंय की माणसं?” चष्मेवाले म्हणाले, “गाणं.” “मग माणसं कशाला जमवताय?” प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

गच्चीवर कार्यक्रम करायचा तर आवाजाची परवानगी हवी होती. चष्मेवाले अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “तीस दिवस लागतात.”

“पण माझ्या हातात तेरा आहेत.”

“मग सतरा कमी पडतात,” कारकून म्हणाला. हिशेबात त्याची चूक नव्हती.

चष्मेवाल्यांनी हातपाय गाळले. त्यांनी ताईची, सायकलची, अर्ध्या गाण्याची सगळी हकिकत खिडकीत सांगून टाकली. मागच्या रांगेतला माणूसही ऐकत राहिला. कारकुनाने एक जाडजूड पुस्तक काढलं, बोट ओलं करून पानं उलटली आणि वाचून दाखवलं: एका जागी एकापेक्षा जास्त वादक जमले तर तो ‘कार्यक्रम’ आणि त्याला परवानगी पाहिजे, एकटा माणूस एका घरात दिवसा वाजवत असेल तर तो ‘सराव’ आणि त्याला काही लागत नाही.

“म्हणजे चार घरांत चार माणसं एकाच वेळी वाजवायला लागली तर?”

“चार सराव,” कारकून म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं. “अर्जात चष्म्याचं दुकान लिहिलंयत म्हणून सांगतो, माझ्या या चष्म्याची काडी कानामागे फार टोचते हो.” चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे ती काडी वाकवून नीट करून दिली. त्या दिवशी त्यांना कुणाचे पाय धरावेसे वाटले असतील तर ते या कारकुनाचे.

कारण त्यांची इमारत अशा कामासाठीच बांधल्यासारखी होती. अंगाने बारीक आणि उंच, प्रत्येक मजल्यावर एकच घर, आणि मधोमध खालपासून वरपर्यंत हवेसाठी सोडलेली चौकोनी मोकळी जागा. तिला सगळे विहीर म्हणत. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या विहिरीत उघडत, आणि पहिल्या मजल्यावर कुणी शिंकलं तर चौथ्या मजल्यावरून काळजी व्यक्त होई. चौघांना चार मजल्यांवर बसवायचं. कुणाला कुणाचं तोंड दिसणार नाही. गाणं विहिरीत एकत्र होईल, आणि विहिरीच्या तळाशी ताईची खिडकी.

बेत ऐकून चौघंही खूश झाले, आणि मजल्यांवरून भांडायला लागले. गायकाला सगळ्यांच्या वर बसायचं होतं. चौथा मजला रिकामा होता आणि किल्ली सेक्रेटरींकडे होती, तेव्हा तो गायकाला दिला. त्यावर गिटारवाल्याचं दुसरं पत्र आलं, की तो गायकाच्या खाली बसणार नाही. चष्मेवाले ते पत्र घेऊन प्राध्यापकांकडे गेले आणि अजिजीने म्हणाले, “काहीतरी करा.” प्राध्यापकांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की ध्वनीच्या दृष्टीने या इमारतीत तिसरा मजला सर्वश्रेष्ठ असून चौथा हा निव्वळ उंच आहे. खाली सही, पदव्या आणि तारीख. गिटारवाल्याने दुसरी प्रत मागवून घेतली आणि त्याचं समाधान झालं. प्राध्यापकांना त्याबद्दल आपल्या स्वयंपाकघरात एक विजेच्या सामानाचा दुकानदार सहन करावा लागणार होता, पण विज्ञानाची सेवा म्हणून तेही त्यांनी मान्य केलं.

पहिला मजला सेक्रेटरींचा. ते आधी कानावर हात ठेवत होते. पण बेसवाला फारसं बोलत नाही हे कळल्यावर तयार झाले, कारण त्यांना ऐकणारं माणूस घरात हवंच होतं. उरला दुसरा मजला, म्हणजे चष्मेवाल्यांचं घर, आणि उरला ड्रमवाला. तो रविवारचा कार्यक्रम म्हणून गुरुवारी सकाळीच सगळे ड्रम घेऊन हजर झाला. ड्रम दिवाणखान्यात बसले आणि चष्मेवाले जेवणाचं ताट घेऊन बाल्कनीत बसायला लागले. ड्रमवाला दोन दिवसांत अंडी, पाव, केळी आणि चष्मेवाल्यांचा रुबाब असं सगळं संपवून मोकळा झाला. त्याने त्यांच्या बायकोला वहिनी केलं आणि त्यांना ‘अरे ए’ केलं. “याच्या तबकड्या ऐकत मी मोठा झालो,” चष्मेवाले स्वयंपाकघरात बायकोला हळूच म्हणाले. “मग आता तरी मोठे व्हा आणि त्याला सांगा, की आंघोळीच्या बादलीवर ठोकायचं बंद कर,” बायको म्हणाली.

शनिवारी चौघांकडून एक शेवटची अट आली, आणि गंमत म्हणजे चौघांची अट शब्दन्‌शब्द एकच होती. “मागच्या वेळी गाणं मी मोडलं असं लोक बोलतात. तेव्हा मधल्या शांततेनंतर आधी बाकीच्या तिघांनी सुरू करायचं, मग मी.” चष्मेवाल्यांचा तोवर इतका भुगा झाला होता की त्यांनी चौघांनाही हो म्हणून टाकलं. बायकोला हे सांगितल्यावर ती पोळपाट धुता धुता थांबली. “चौघांनाही?” तिने विचारलं. “ऐन वेळी होईल काहीतरी,” चष्मेवाले म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर ज्या ज्या वेळी उच्चारलं होतं, त्या त्या वेळी काहीही झालं नव्हतं.

रविवार उजाडला. ताईला यातलं काही माहीत नाही, असं सगळी इमारत धरून चालली होती. बत्तीस वर्षं आजाऱ्यांच्या उशीखाली लपवलेल्या विड्या शोधून काढणाऱ्या बाईला इमारतीत ड्रम आल्याचं कळलं नसेल, असं मानणारे ते लोक खरोखर भोळे होते. साडेदहाला गायक आला. गळ्याला मफलर, हातात स्वतःच्या कोमट पाण्याची बाटली. त्याने चष्मेवाल्यांना लिफ्टवाला समजून “चौथा” एवढंच सांगितलं. लहानपणी याच गायकासारखे केस वाढवले म्हणून चष्मेवाल्यांनी आईच्या हातून दोनदा कात्री सोसली होती. ते चौथ्या मजल्याचं बटण दाबून उभे राहिले. पावणेअकराला गिटारवाला आला आणि त्याने पोहोच मागितली. बेसवाला कधी आला ते कळलंच नाही.

अकरा वाजता चष्मेवाले विहिरीच्या तळाशी, ताईच्या खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले. आत ताई खोक्यावर दोरी आवळत होती. वरून ड्रमवाल्याने काठीवर काठी आपटली.

आणि काय सांगावं! त्या चौघांना एकमेकांचा चेहरा नको होता, आवाज नको होता, नावही नको होतं. पण पहिल्या मजल्यावरून बेस निघाला, त्याला दुसऱ्या मजल्यावरून ड्रमने उचललं, तिसऱ्यावरून गिटार त्यात शिरली आणि चौथ्यावरून तो फाटका, चिडका, साठीतला आवाज खाली आला, तेव्हा विहिरीत एकच माणूस गात होता असं वाटलं. चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. प्राध्यापक डोळे मिटून उभे होते. सेक्रेटरी, जन्मात पहिल्यांदा असेल, गप्प होते. चष्मेवाल्यांना अडीच आठवड्यांचा सगळा अपमान त्या पहिल्या पाच मिनिटांत माफ करावासा वाटला आणि त्यांनी तो केलाही. ताईने दोरी सोडून दिली होती. ती खिडकीच्या गजांना धरून वर बघत होती.

मग तो मध्य आला आणि सगळी वाद्यं एकदम थांबली.

चार ठोके गेले. आठ गेले. चौथा मजला तिसऱ्याची वाट बघत होता, तिसरा दुसऱ्याची, दुसरा पहिल्याची, आणि पहिला कुणाचीच नाही, नुसता बसला होता. ‘आधी बाकीचे तिघे, मग मी.’ चौघांनी अट अगदी प्रामाणिकपणे पाळली होती. कुठेतरी नळाचं पाणी ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं. अडतीस वर्षांपूर्वी असंच झालं होतं, गाण्याच्या अगदी याच जागी, आणि त्या दिवशी घरी येताना ताई वाटभर एक शब्द बोलली नव्हती. आता एकची टॅक्सी येईल, ताई जाईल, आणि गाणं अर्धंच राहील. ते वर बघून ओरडणार होते.

तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून आवाज उठला. या आवाजाने एकेकाळी प्लास्टरमधले पायसुद्धा सरळ होत. वॉर्डाच्या या टोकाला तो निघाला की त्या टोकाचे डॉक्टर सिगारेट विझवत.

“काय चाललंय काय वर? मी मोजतेय. एक! दोन! तीन! चार!”

चौघंही एकदम सुरू झाले. कोण आधी, कोण नंतर, हे ठरवायला कुणाला उसंतच मिळाली नाही.

उरलेलं अर्धं गाणं पहिल्या अर्ध्यापेक्षा चांगलं होतं. ते तसं असेल हे चष्मेवाल्यांना सोळाव्या वर्षीच माहीत होतं, तरी त्यांना रडू आलं. ताई मोजत होती. ओठांतल्या ओठांत, शेवटपर्यंत, एक, दोन, तीन, चार.

गाणं संपल्यावर भांडणं नकोत म्हणून चष्मेवाल्यांनी चौघांना पंधरा पंधरा मिनिटांच्या अंतराने खाली आणायचं वेळापत्रक केलं होतं. ते कागदावरच राहिलं. गायकाने चौथ्यावर लिफ्टमध्ये पाय ठेवला आणि ती निघाली, तिसऱ्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली, पहिल्यावर थांबली. पायऱ्या उतरायचं वय एकाचंही राहिलेलं नव्हतं. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा आत चौघं, दोन गिटारी आणि एक मफलर असे कोंबलेले होते, आणि प्रत्येकजण आपापल्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. समोर ताई उभी होती.

गायकाने सवयीने खिशातून पेन काढलं. “सही...”

“सही नको. तुम्ही फक्त कमी बोला,” ताई म्हणाली. “त्या दिवशी बोलला नसतात तर मला एवढं थांबावं लागलं नसतं.”

“हे लेखी द्याल का?” गिटारवाल्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

ताईने पर्समधून दोन पिवळट चिठोऱ्या काढल्या. अर्धी फाडलेली तिकिटं. “दारावर अर्धं फाडून घेतात, आणि उरलेलं कार्यक्रम संपेपर्यंत जपून ठेवा म्हणतात,” ती म्हणाली. “संपला नव्हता. म्हणून ठेवली होती.”

मग बेसवाला, त्या चौघांत सगळ्यात कमी बोलणारा, चष्मा पुसत म्हणाला, “सेक्रेटरींकडून सायकलचं कळलं मला. चुकलंच आमचं.” ‘आमचं’ हा शब्द त्यांच्यापैकी कुणी अडतीस वर्षांत वापरला नव्हता. बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे चमकून पाहिलं, पण एकानेही खोडून काढला नाही.

टॅक्सी वेळेवर आली. खोकी चढली. ताई आत बसली आणि तिने काच खाली केली. “तो ड्रमवाला शेवटाला घाई करतो,” ती म्हणाली. “तेव्हाही करायचा.” मग तिचा आवाज भरून आला. “पण काय गाणं आहे रे छोटू!”

तिने तिकिटांच्या अर्धुकल्या त्यांच्या हातात दिल्या. “आता टाकून दे. काम झालं त्यांचं.”

“टाकतो,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, दोन्ही अर्धुकल्या तिच्यात नीट ठेवल्या आणि डबी मिटली. ताईने ते पाहिलं. बत्तीस वर्षांत सांगितलेलं न ऐकणाऱ्या एकालाही तिने सोडलं नव्हतं. छोटूला मात्र ती काही बोलली नाही. तिने काच वर केली आणि टॅक्सी निघाली.